न घेतलेल्या भाड्यावरचा कर

नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेत उधन्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. नवऱ्याचे जवळच लिंबायतीत कापड विणायचे चार लूम होते. कमाई बरी, पण सगळी रोखीतली. कर्ज देणाऱ्यांना दाखवायला कागद नव्हता. ते म्हणाले, पगारदार माणसाची सही आणा. मी आबांकडे, माझ्या वडिलांकडे गेले. ते रेल्वेत फिटर होते, लिंबायतीतच स्वतःचं छोटं घर होतं. त्यांनी काही न विचारता सही केली. कर्जात नाव, तर दस्तातही नाव हवं, म्हणून आमच्या निम्म्या घराचे ते मालक झाले. हप्ते आम्हीच भरायचो. सहीचं काम सहीपाशी संपलं, असं मी धरून चालले होते.

वर्षभरात त्यांना कामावर कुणीतरी सांगितलं की दुसरं घर टॅक्सवाल्यांना दाखवावं लागतं. आबा अशा बाबतीत भित्रे. मला घेऊन ते एका टॅक्सच्या वकिलाकडे गेले.

"काका, घर तमारा नामे छे ने?" वकील म्हणाला. "दोन घरं झाली. एकात तुम्ही राहता. दुसऱ्यातल्या तुमच्या हिश्श्याचं भाडं येतंय असं धरून कर लागेल."

"माले भाडं कोन देस?" आबांनी मला विचारलं. घरची अहिराणी त्यांच्या तोंडून अशी बाहेर कधी यायची नाही.

वकिलाला मी विचारलं, व्याजाची काही सूट? तो म्हणाला, व्याज तुम्ही भरता, त्यामुळे सूट यांना नाही.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे आबा. दिवाळीला आले तरी दारातच बसायचे, तहान लागली तर खालच्या टपरीवर जायचे. आणि त्याच घराच्या भाड्यावर ते कर भरणार होते.

बाहेर आल्यावर म्हटलं, "आबा, कराचे पैसे मी देते."

"लेकीकडून घ्यायचे का आता," एवढंच बोलून ते रिक्षा बघायला लागले.

दरवर्षी ते भरत राहिले. मला ते सहन होईना. शेवटी नवऱ्याने दोन लूम विकले, कर्ज फेडलं आणि मी आबांना हक्क सोडल्याच्या दस्तावर सही करायला नेलं. वाटलं होतं, त्यांना मोकळं वाटेल. सही करून ते कचेरीबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. तुना घरमा मनं नाव व्हतं, बरं वाटे."

नाव काढायचं का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. कर मात्र पुढच्या वर्षीपासून थांबला.