बारीकबाईचा चौथा वकील

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे बारीकबाई म्हणत. अंगाने ती चांगली भरलेली होती. बारीक होती ती नजर. कवळ्या बनवणं हे आमचं काम. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्याचा प्लास्टरचा साचा करतो, मेणात एकेक दात बसवतो आणि शेवटी कवळी घासूनपुसून परत पाठवतो. बारीकबाई खिडकीपाशी बसायची आणि मी तिच्या समोर. वयाने सगळ्यांत मोठी म्हणून मला तिथे काकू म्हणत.

स्वभावाने ती आधीपासूनच शंकेखोर. मालकाने कधी लवकर सुट्टी दिली, तर बाकीच्या बायका पिशव्या उचलून जिन्याकडे पळायच्या आणि ही विचारायची, "आज काय विशेष?" आम्ही हसायचो. तिचा नवराही हसायचा म्हणे. तो कार्यक्रमांना लाइट आणि स्पीकर पुरवायचा, त्यामुळे गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. बोलायला गोड, कुणाच्याही खांद्यावर हात टाकून चालणारा. दोघांचं पटेनासं झालं, तो आपल्या आईकडे राहायला गेला, आणि त्यांची सात वर्षांची ठकी बारीकबाईकडे राहिली. बाप येऊनजाऊन असायचा. इथवर भांडणं झाली ती घरातल्या घरात.

मग सुट्टीत तो ठकीला आजीकडे घेऊन गेला आणि शाळा सुरू झाली तरी ती परत आली नाही. बारीकबाईने फोन केला तर तो म्हणाला, तिला इथे करमतंय, राहू दे थोडे दिवस. थोड्याच दिवसांत कळलं की त्याने मुलीचं नाव तिकडच्या शाळेत घातलंय. आणि त्यापाठोपाठ कोर्टाची नोटीस आली. मुलीचा ताबा आपल्याला मिळावा असा त्याचा अर्ज होता. आई दिवसभर कामावर असते, मुलगी शेजाऱ्यांच्या भरवशावर वाढते, असं त्यात होतं. आणि आई संशयी वृत्तीची आहे, हेही होतं. ते वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवलं. वाक्य खोटं होतं असं म्हणायची सोय नव्हती.

वकील शोधायचं काम तिच्या थोरल्या भावाने अंगावर घेतलं. दादा भला माणूस, बहिणीसाठी जीव टाकणारा. त्याने गावातल्या मोठ्या वकिलांचं नाव काढलं, वेळ ठरवली. काचेचं ऑफिस, बाहेर माशांची टाकी, दोन सहायक. मोठे वकील हसतमुखाने बाहेर आले, तिला आत बसवलं आणि नवऱ्याचं नाव ऐकताच पेनाला टोपण लावलं. ही केस मला घेता येणार नाही, म्हणाले. कारण सांगितलं नाही. वर दारापर्यंत सोडायला आले, हेच तिला जास्त खटकलं.

दादाने दुसरे वकील गाठले. हे कोर्टाजवळच्या गल्लीत बसायचे, फार सभ्य म्हणून त्यांचं नाव होतं. त्यांनीही नाव ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि दुसरीकडे बघा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. दुपारी मेण वितळवता वितळवता एकदम म्हणाली, "काकू, कुठेतरी पाणी मुरतंय. त्याने सगळे विकत घेतलेत."

मी म्हटलं, अगं, गावातले सगळे वकील विकत घ्यायला तो काय राजा आहे? पण तिचं डोकं पुढे धावायला लागलं होतं. दोन्ही नावं दादाने सुचवलेली. दादा आणि नवरा पूर्वीपासून एकत्र चहा प्यायचे. दादाची मुलं ठकीच्या आजीच्या शेजारच्या क्लासला जातात. ती एकेक गोष्ट समोर मांडत गेली आणि मला ते ऐकून वाईट वाटलं, कारण सख्ख्या भावाबद्दल ती हे बोलत होती. रविवारी ती ठकीला भेटायला जायची तेव्हा सासूबाई टीव्ही मोठा लावून तिथेच बसून राहायच्या. त्या रविवारी नवरा दारात टेकून उभा होता. निघताना त्याने सहज विचारलं, "मग? मिळाला का वकील?" त्याचं ते सहज तिच्या डोक्यातून जाईना.

तिसऱ्या वकिलाचं नाव दादानेच दिलं होतं, पण या वेळी ती त्याला न सांगता एकटीच गेली. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर त्या बाईंचं ऑफिस होतं. वकीलबाईंनी पाणी दिलं, नाव विचारलं, आणि पुन्हा तेच. मला जमणार नाही. बारीकबाई उठली नाही. म्हणाली, तुम्ही नाही म्हणा, पण का ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

वकीलबाईंनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या प्रकरणाबद्दल मी एक शब्द बोलू शकत नाही. नियम मात्र सांगते, तो कुणालाही सांगता येतो. एका बाजूचा माणूस वकिलाकडे येऊन आपली हकिगत सांगून गेला, सल्ला घेऊन गेला, की त्याच भांडणात त्या वकिलाला दुसरी बाजू घेता येत नाही. मग त्या माणसाने पुढे केस दुसऱ्यालाच दिली तरी."

बारीकबाई जिना उतरता उतरता हिशेब लावत गेली. कुणी विकलं गेलं नव्हतं. तो फक्त तिच्याआधी जाऊन बसला होता. खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरावी तशी त्याने एकेक वकील धरून ठेवला होता. पण तिच्या आधी, म्हणजे ती कुणाकडे जाणार हे त्याला कळत होतं.

संध्याकाळी दादा लॅबखाली तिला घ्यायला आला. मीही सोबत होते. तिने आवाज न चढवता विचारलं, वकिलांची नावं तू कुणाला सांगतोस?

"कुणाला सांगणार?" दादा म्हणाला. "त्यालाच तेवढी सांगितली. तो विचारतो ना गं. म्हणतो, तिच्यासाठी चांगला वकील बघा, उगाच कुणी फसवायला नको. मला वाटलं, अजून माया आहे त्याच्या मनात. कदाचित जमेल परत तुमचं."

दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही हे लहानपणापासून तिला माहीत होतं. त्याने दगा दिला नव्हता, भाबडेपणा केला होता. पण त्या दिवसापासून तिने त्याच्यासमोर कोर्टाचा विषय काढणं बंद केलं. तो विचारायचा, ती म्हणायची, चाललंय. घरी चहा व्हायचा, मुलांच्या चौकशा व्हायच्या, आणि दोघांमध्ये एक दार लागलेलं असायचं.

चौथा वकील तिने स्वतः शोधला. कोर्टाच्या आवारात ती काही दिवस दुपारच्या सुट्टीत जाऊन बसली आणि नुसती बघत राहिली, कोण आपल्या अशिलाशी कसं बोलतंय ते. एक वयस्कर वकील तिच्या नजरेत भरले. काळ्या कोटाच्या कॉलरला टाचण्या टोचलेल्या, आवाज खरखरीत. रडणाऱ्या एका माणसाला ते सांगत होते की ही केस तुम्ही हरण्याची शक्यता जास्त आहे, तरी लढायचं का ते घरी जाऊन ठरवा. बारीकबाई उठून त्यांच्यामागे गेली आणि आपलं नाव सांगायच्या आधी तिने नवऱ्याचं नाव घेऊन विचारलं, या माणसाकडून तुमच्याकडे कुणी येऊन गेलंय का? नव्हतं. तिने वकीलपत्रावर सही केली.

म्हणून विश्वास बसला असं मात्र नाही. पहिल्याच बैठकीत त्यांनी तिला नको नको ते विचारलं. मुलगी शाळेतून येते तेव्हा घरात कोण असतं, ती आजारी पडली तर रजा कोण घेतं, तुमचा आवाज किती चढतो. आणि शेवटी म्हणाले, तिच्या बापाबद्दल एक चांगली गोष्ट सांगा. बारीकबाईच्या मनात पाल चुकचुकली. माझ्या पैशाने हा त्याची बाजू मांडतोय? तिने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "काकू, हाही त्यातलाच निघाला तर?" मी म्हटलं, मग बदल. ती म्हणाली, आता कुठून आणू?

त्यानंतर तिने काय केलं ते मला फार उशिरा कळलं. प्रतिज्ञापत्र वाचून सही करायची होती, त्या दिवशी एकटीला जायचं नाही म्हणून तिने मला सोबत नेलं. वकिलांचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली. टेबलाचा एक पाय विटेवर. ते मोठ्याने वाचत होते आणि मी ऐकत होते. मध्येच आलं की अर्जदाराच्या पत्नीला दुसऱ्या गावी मोठ्या लॅबमध्ये नोकरी मिळत असून ती मुलीसह तिकडे राहण्याचा विचार करीत आहे. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

वकील थांबले. म्हणाले, "इथे तिकडच्या शाळेचं नाव टाकायचंय. कोणती बघितलीत?"

"ते खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं आहे?"

"नोकरीचं. मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं. तुमच्याकडून त्याच्यापर्यंत जातं का ते बघायला. त्याला कळलं असतं तर रविवारी तो पेटून उठला असता."

त्यांनी कागद खाली ठेवला. "मग? पेटला?"

"नाही."

"आणखी कुणाला सांगितलं होतंत?"

"कुणालाच नाही. काकूंनाही नाही."

मला टोचलं ते. रोज जिच्यासमोर बसून डबा खाते तिलाही तिने चाळणीतून काढलं होतं. पण बोलायची ती वेळ नव्हती.

वकील रागावले होते, ते त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून दिसत होतं. आवाज मात्र चढला नाही. "बाई, यावर तुमची सही झाली असती आणि मी हे न्यायाधीशांसमोर मांडलं असतं. तुमचा नवरा म्हणतो तुम्ही संशयी आहात. त्याच्याकडे त्याचा पुरावा नाही. तो तुम्ही तयार करून माझ्या हातात दिलात."

"तुम्ही केस सोडणार का?"

"ते तुम्ही ठरवा. मला ठेवायचं असेल तर शंका आली की तोंडावर विचारा, काय वाटेल ते विचारा. मला राग येईल, येऊ दे. खोटं मात्र सांगायचं नाही."

तिने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "विचारते. पहिल्या दिवशी मला त्याच्याबद्दल चांगलं बोलायला का सांगितलंत?"

"कारण न्यायाधीश मुलीशी बोलणार आहेत. ती बापाबद्दल चांगलं बोलेल, बोलायलाच हवं, तो बाप आहे तिचा. ते ऐकताना तुमचं तोंड वाकडं झालं, तर मुलगी तुमच्याकडे आली की बापाचं नाव काढायला घाबरेल, असंच कुणालाही वाटेल. मलाही तेच वाटलं होतं."

बारीकबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तो तिला पोहायला शिकवतो," ती म्हणाली. "ती कितीही ओरडली तरी चिडत नाही. तिने सोड म्हटल्याशिवाय हात सोडत नाही." आणि मग ती रडली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं. वकील उठून बाहेर गेले आणि बराच वेळ उगाच झेरॉक्सवाल्याशी बोलत उभे राहिले.

प्रतिज्ञापत्र नव्याने लिहिलं गेलं. मालकाने तिची वेळ बदलून दिली, ठकी परत आली की तिची शाळा सुटायच्या आत घरी पोचता येईल अशी. या वेळी तिने आज काय विशेष असं विचारलं नाही. नुसती मान हलवली.

कोर्टात त्याच्या वकिलाने तिला घेरायचा प्रयत्न केला. तुम्ही नवऱ्यावर संशय घेता, हे खरं ना? ती म्हणाली, "हो. शाळा सुरू झाली आणि मुलगी घरी आली नाही, तेव्हापासून जास्तच घेते." मागे कुणीतरी हसलं. मग तिला बापाबद्दल विचारलं तेव्हा तिने पोहण्याचं सांगितलं, जसं आमच्यासमोर सांगितलं होतं तसंच. मी मागच्या बाकावरून त्याच्याकडे बघत होते. तो गोडबोल्या माणूस त्या क्षणी कुणाकडेच बघत नव्हता.

न्यायाधीशांनी ठकीला आपल्या खोलीत बोलावून तिच्याशी गप्पा मारल्या. ती काय बोलली ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही, आणि बारीकबाईने तिला कधी विचारलंही नाही. मला ते तिच्या बाबतीत फार मोठं वाटलं. निकाल लागला तो असा, की शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे, मोठी सुट्टी अर्धी अर्धी. नाव पुन्हा जुन्या शाळेत. तिला सगळंच हवं होतं, ते मिळालं नाही. बाहेर येऊन वकिलांना तिने विचारलं, आणखी काही मिळालं असतं का, खरं सांगा. ते म्हणाले, नाही. तिने मान डोलावली. मला वाटतं, त्या दिवशी तिने त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवला, केस संपल्यावर.

दादाला तिने निकालाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो खूश झाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की तारीख त्याला माहीतच नव्हती. मला कळवलंस का नाही, हे त्याने विचारलं नाही. फक्त ठकीची सायकल दुरुस्त करून आणून ठेवतो म्हणाला, आणि आणून ठेवली.

पहिल्या रविवारी ती दुपारपासूनच गॅलरीत उभी होती. मीही गेले होते. तो आणणार नाही, असं ती दर थोड्या वेळाने म्हणत होती आणि मी आणेल गं म्हणत होते, पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. दिवे लागायच्या सुमाराला गाडी आली. ठकी मागच्या सीटवर झोपली होती. तो तिला खांद्यावर घेऊन जिना चढला, बारीकबाईने दारातच तिला आपल्या खांद्यावर घेतलं. जाता जाता तो म्हणाला, "दप्तर गाडीत राहिलं. आणून देऊ?"

"दे," ती म्हणाली, आणि तो परत वर येईपर्यंत मुलीला घेऊन दारातच उभी राहिली.