केडगावची लाईन

“थांबा, पीएमला सांगतो,” असं म्हणून ते खुर्चीतून उठायचे, आणि ऑफिसात नवा आलेला माणूस आदराने बाजूला सरकायचा.

आमच्या साखर कारखान्यात नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर सांभाळणारा हा एकच माणूस. पीएम म्हणजे पोर्ट मॉनिटर, हे आम्हा शेतकी खात्यातल्या तिघाचौघांनाच ठाऊक होतं. बाकीच्यांना पीएम म्हटलं की एकच पीएम माहीत. आमचे हेडक्लार्क तर पहिले सहा महिने त्यांना स्वतःची खुर्ची द्यायचे. पुतण्याच्या बदलीचा विषय कधी काढावा, याचा अंदाज घेत होते बिचारे. शेवटी एक दिवस धीर करून त्यांनी विचारलंच, “साहेब, दिल्लीला फोन कुठनं लावता हो तुमी?” तेव्हा सगळा उलगडा झाला. त्या दिवसापासून खुर्ची बंद.

कारखाना कोपरगावपासून बसने अर्ध्या तासावर. मी तिथं सात नंबरच्या टर्मिनलवर उसाच्या नोंदी करायची. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. डोकं सगळं त्यांच्या खोलीतल्या युनिक्सच्या मशीनमध्ये. असे सोळा पडदे कारखानाभर होते, वजनकाट्यावर, भांडारात, टाइम ऑफिसात, आणि प्रत्येकाची वायर त्या एका खोलीत जायची. एखादा पडदा मख्ख झाला की आम्ही जाऊन सांगायचं, “सर, सात नंबर बोलत नाही.” मग ते समजावून सांगत, आणि दर वेळी जणू पहिल्यांदाच.

“ताई, प्रत्येक वायरीच्या टोकाशी, मशीनच्या आत, एक जण कान लावून बसलाय. तोच आपला पीएम. तुम्ही एंटर मारलं की तो विचारतो, कोण? मग तुम्ही नाव सांगायचं. त्याचंच लक्ष नसलं तर तुम्ही इकडं कितीही बडवा, आत पत्ता लागत नाही.”

हे बोलून ते दोन ओळी टाइप करत. आधी पीएम-ॲडम, म्हणजे पीएमसाठीचा हुकूम, मग एक आडवी रेघ, मग एक अक्षर. एल म्हणजे सगळ्या वायरींची यादी. डी म्हणजे त्या वायरीवरची राखण बंद, ई म्हणजे पुन्हा चालू. आर म्हणजे ती वायर यादीतून काढूनच टाकायची. हा आर मी त्यांना कधी वापरताना पाहिलं नाही. भांडारातला एक पडदा जळून वर्ष झालं होतं, तरी यादीत त्याचं नाव होतं. पुढं बंद असल्याची खूण म्हणून एक्स. मी विचारलं तर म्हणाले, “बंद ठेवता येतं की. काढायचं कशाला?”

राखण बंद असताना पडद्यावर काय उमटावं, तेही त्यांनाच ठरवता यायचं. मुळात तिथं काहीतरी इंग्रजी वाक्य यायचं. त्यांनी ते बदलून इंग्रजी अक्षरांत मराठी घातलं: थांबा, येतोय. एकदा ऐन हंगामात वजनकाट्याची वायर उंदरांनी अर्धवट कुरतडली. त्यांनी ती लाईन बंद केली आणि दुरुस्तीला निघाले. ते पोचायच्या आत काट्यावरचे कारकून तणतणत ऑफिसात हजर.

“मशीन मला थांबा म्हनतंय! भाईर चाळीस गाड्या हुभ्या हायेत, त्या बैलांना कोन सांगनार थांबा म्हनून?”

तक्रार थेट शेतकी अधिकाऱ्यांपर्यंत गेली. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर ‘कृपया थांबा, येतोय’ असं यायला लागलं, आणि गंमत बघा, कारकुनांचं समाधान झालं. मशीनला रीतभात आली, एवढंच त्यांचं म्हणणं. येतोय म्हटलं की ते खरोखर येत, भर उन्हात, उसाच्या गाड्यांमधून वाट काढत, हातात पकड आणि खांद्यावर वायरीचं भेंडोळं घेऊन.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. काम अडलं की सगळ्यांना हवा, आणि काम झालं की तो कुठं गेला ते कोणी पाहत नाही. त्यांच्या खोलीला काचेचं दार आणि आत एसी. बाहेर पाटी, चपला बाहेर काढाव्यात. आमचा शिपाई चहाचा कप दाराशी ठेवून परत फिरायचा. “आत लई गार हाय, आपल्याला न्हाई सोसत,” म्हणायचा. चहा मात्र दाराबाहेर गार होत राहायचा. आम्ही दुपारी एक वाजता डबे उघडायचो, चार जणी आणि हेडक्लार्क, एका टेबलावर. त्यांना कधी बोलावलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि हे मला आज सांगायला बरं वाटत नाही.

ते शनिशिंगणापूरकडचे. कारखान्याच्या वसाहतीत एका खोलीत राहायचे आणि खोलीला कडीही लावत नसत. लग्न झालं होतं, टिकलं नाही, असं वसाहतीत बोललं जायचं. एकदा मी म्हटलं, “सर, कुलूप तरी घालत जा, चोऱ्या होतात.”

“आमच्याकडं घरांना दारं नसतात, ताई. सवय नाही.” मग म्हणाले, “पण तिकडं माणसं येत असतात. इथं उघडं ठेवून पाहिलं.”

मी हसले. मला तो विनोद वाटला.

त्यांचा सगळा जीव होता तो सतराव्या लाईनीवर. नगरला, पुणे रस्त्यावर केडगावात, कारखान्याचं गोदाम आणि छोटं ऑफिस होतं. तिथं एक पडदा बसवला होता, पण त्याची वायर इथवर कशी येणार? म्हणून तो टेलिफोनवरून जोडलेला. रोज दुपारी साडेबाराच्या सुमाराला मॉडेम किंचाळायचं, आणि ते हातातलं काम टाकून यादी बघायचे. केडगाव आत आलं. मग गोदामातल्या पोत्यांचा आकडा यायच्या आधी त्यांच्या पडद्यावर एक ओळ उमटायची: जेवलात का?

ती ओळ आल्याशिवाय ते डबा उघडत नसत. लाईन खराब असली तर दोन वाजायचे, अडीच वाजायचे. काचेतून आम्हाला दिसायचं, ते मॉडेमकडं तोंड करून बसलेत. ओळ आली की भराभरा टाइप करत. आज पिठलं आहे, मिरची जरा जास्त झाली, तुमच्याकडं ऊन कसं आहे, असलं काहीबाही. मग बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून वाट बघत. बहुतेक वेळा उत्तर येत नसे. आकडा यायचा आणि लाईन जायची.

“केडगावची लाईन फार तुटते,” ते बाहेर येऊन सांगत. “पण विचारतात हो रोज. न चुकता.”

आता मला सांगा, चार बायकांच्या हाती हे लागल्यावर त्या गप्प बसतील? केडगाव कसं दिसतं, केडगाव साडी नेसतं की ड्रेस घालतं, केडगावला हळदीकुंकवाला कधी बोलवायचं. त्यात सगळ्यात पुढं मी. ते लाजून हसत आणि आत जात. चिडले मात्र कधी नाहीत.

पुढच्या हंगामाआधी हुकूम निघाला. केडगावला स्वतंत्र कॉम्प्युटर मिळणार, तिथला हिशोब तिथंच, आणि आठवड्याची फ्लॉपी जीपने इकडं येणार. टेलिफोनची लाईन बंद करून यादीतून काढून टाकावी. मॅनेजरसाहेबांनी स्वतः त्यांच्या खोलीत उभं राहून सांगितलं. त्यांनी टाइप केलं, पण रेघेपुढं डी. महिन्याने दारावर लावलेल्या यादीत साहेबांना केडगाव दिसलं, पुढं एक्स.

“हे काढा म्हटलं होतं ना?”

“बंद केलंय साहेब.”

“बंद नको, काढा.”

“काढतो,” ते म्हणाले, आणि काढलं नाही. साडेबारा वाजले की आता खोलीत काही किंचाळत नसे. तरी ते दोनपर्यंत डब्याला हात लावत नसत. कधी कधी तो तसाच परत जायचा.

फ्लॉपीचं काम शिकायला मला एक दिवस केडगावला पाठवायचं ठरलं. मला तर आयतीच संधी. मी काचेचं दार ढकलून आत गेले आणि सांगून टाकलं, “सर, उद्या केडगावला चाललेय. तुमचं केडगाव आहे तरी कोण, ते बघून येते. काही निरोप?”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. “नको,” म्हणाले. “फ्लॉपीचं तेवढं शिकून या, ताई. तिथं जुनं काही विचारत बसू नका.”

मी बाहेर येऊन मैत्रिणींना सांगितलं, लाजले बघा. दुपारभर आम्हाला तो विषय पुरला.

केडगावचं ऑफिस म्हणजे गोदामाच्या कडेला पत्र्याची एक खोली. नवा कॉम्प्युटर टेबलावर, आणि जुना पडदा कोपऱ्यात, पोत्याखाली झाकलेला. तिथल्या कारकूनबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. फ्लॉपीचं काम आटोपल्यावर मी न राहवून विचारलं, “रोज जेवलात का असं कोण विचारायचं हो?”

“ते व्हय!” त्या म्हणाल्या. “ज्याची पाळी त्यानं. मी बी विचारलंय, शिपायानं बी विचारलंय, गोदामवाल्यानं बी. कार्डावर लिवलेलं हाय ना.”

जुन्या पडद्यामागं भिंतीवर एक पुठ्ठा चिकटवलेला होता. लाईन बसवताना करून दिलेल्या सूचना. एक, मॉडेम चालू करावे. दोन, एंटर मारावे. तीन, नाव सांगून आत यावे. चार, इंग्रजी अक्षरांत ‘जेवलात का’ असे टाइप करावे. उत्तर आले म्हणजे लाईन चांगली आहे. पाच, उत्तर आल्यावर दोन मिनिटे लाईन तोडू नये.

“ते पाचवं काय आमाला कधी कळलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “उत्तर आलं म्हंजी लाईन चांगली. मग उगं फोन कशाला आडकून ठिवायचा? आकडा धाडला की तोडायचो लगीच.”

अक्षर त्यांचं होतं. डावीकडं कललेलं, तक्रारवहीत रोज बघत होते मी ते.

परतीच्या बसमध्ये मला फार लाज वाटली. त्यांची कीव आली असती तर बरं झालं असतं, पण लाज माझी मलाच वाटत होती. ऐंशी किलोमीटरवरच्या अनोळखी माणसांनी विचारावं म्हणून त्यांना पुठ्ठ्यावर लिहून द्यावं लागलं होतं. मी तर काचेच्या पलीकडं, दहा पावलांवर बसायची. मला कसलं कार्ड हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दारावर महिन्याची नवी यादी लावलेली होती. तीत केडगाव नव्हतं. एक्स नाही, काही नाही. मी आत गेले.

“काढलंत?”

“काढलं. काल.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “उगाच मशीनवर भार. शिकलात का फ्लॉपीचं?”

“शिकले,” मी म्हटलं. मी जागेवर येऊन बसले. एक वाजता डबे उघडले, तेव्हा मी उठले आणि काचेवर टकटक केली.

“सर, सात नंबर बोलत नाही.”

ते आले. कीबोर्डला हात लावला तर सगळं व्यवस्थित चालू. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग टेबलावरच्या पाच डब्यांकडं, मग माझ्याकडं. मी स्टूल पुढं सरकवलं. “आलाच आहात तर बसा. जवसाची चटणी आणलीय.” हेडक्लार्क चमकले, पण त्यांनीही डबा पुढं केला. ते स्टुलाच्या अगदी कडेवर बसले, घास घेतला आणि चटणीत लसूण छान लागतोय म्हणाले.

त्यानंतर सात नंबर आठवड्यातून तीन-चारदा तरी बिघडायचा, आणि तोही बरोबर एक वाजता. दोन हंगाम असं चाललं. तक्रारवहीत ते दर वेळी प्रामाणिकपणे लिहीत: सात नंबर, जाऊन आलो.

मग प्रत्येक टेबलावर स्वतंत्र कॉम्प्युटर आले. एका मशीनमध्ये बसून सगळ्यांसाठी कान लावायची गरज राहिली नाही. बहिणीच्या लग्नासाठी मी दहा दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा काचेच्या खोलीत स्टेशनरीचे गठ्ठे रचलेले होते. ते नोकरी सोडून गेले होते. कुठं, ते कोणाला नीट सांगता येईना. शिपाई म्हणाला, एक ट्रंक हुती, पायीच गेले स्टँडवर.

त्यांच्या जागी एक चुणचुणीत नवा माणूस आला. एक दिवस डबे उघडले आणि कसं कोण जाणे, मी सवयीनं हाक मारली, “सर, सात नंबर बोलत नाही.”

तो आपल्या खुर्चीतूनच म्हणाला, “मॅडम, बंद करून चालू करा.”

मी केला.