मास्तरांची ग्रंथी

मास्तरांना आयुष्यात स्वतःची चूक कधी सापडली नव्हती. शोधली असती तर सापडली असती, पण एवढ्या मोठ्या माणसाने असल्या किरकोळ कामाला वेळ कुठून काढायचा? शिंप्याच्या दुकानात ते कटिंग मास्तर. कोट आखडला तर कापड वाईट, खांदा उतरला तर गिऱ्हाईकच वाकडं. त्यांच्या बायकोला सगळं दुकान वहिनी म्हणायचं. लग्न झाल्यापासून वहिनी ही कारणं ऐकत होत्या.

त्या वर्षी मास्तरांचा स्वतःचा कोट लांब झाला. गुडघ्याच्या वर थांबणारा, तो गुडघे झाकू लागला. दुकानातली हातशिलाई वहिनींची धाकटी बहीण करायची. मास्तरांनी गिऱ्हाइकांदेखत कोट तिच्या अंगावर भिरकावला. "खालची दुमड सोडून कोट लांब करतेस! माझं हसं करायचंय तुला? फुकटखाऊ!" तिने सुई खाली ठेवली, पिशवी उचलली आणि चालू लागली. पुन्हा दुकानाची की मास्तरांच्या घराची पायरी ती चढली नाही. वहिनी तेव्हा चहा घेऊन दुकानाच्या दारातच उभ्या होत्या.

मग जिभेला हाड नसलेल्या मास्तरांची बाकीची हाडं दुखायला लागली. सारखी तहान, सारखी लघवी, पोट साफ नाही, दुपारी टेबलावरच डोळा लागायचा. कात्री हातात धरून कात्री शोधायचे. वहिनींचे थोरले दीर सर्वज्ञ. "हाडं दुखतात म्हणजे कॅल्शियम कमी. त्यात डॉक्टर कशाला?" म्हणत त्यांनी गोळ्यांचे डबे आणले. मास्तरांनी ते भक्तिभावाने रिकामे केले. शेवटी मुतखड्याने गडाबडा लोळवलं, तेव्हा स्वारी इस्पितळात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले, उंची मोजली. मास्तरांनी सांगितली त्यापेक्षा ती चांगली दोन बोटं कमी भरली. मास्तर म्हणाले, "तुमची पट्टी चुकतेय."

"पट्टी बरोबर आहे. पाठीचे मणके चेपलेत," बाई म्हणाल्या. "गळ्यात थायरॉइडच्या मागे दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. तुमची एक फुगलीय. ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओततेय. म्हणून हाडं पोकळ, म्हणून खडे, तहान, थकवा, विसराळूपणा. त्यात वरून तुम्ही गोळ्या खाल्ल्यात. ऑपरेशन करून ती ग्रंथी काढू." मग वहिनींकडे वळून विचारलं, "चिडचिड वाढलीय का यांची?"

"वाढायला जागा कुठे होती?" वहिनी म्हणाल्या.

"याने चिडचिडही होते बरं का."

वहिनींनी तेवढंच धरून ठेवलं. ग्रंथी निघेल, माणूस निवळेल, बहिणीच्या दारात जाऊन 'चुकलं' म्हणेल. बिचारी वेडी आशा!

ऑपरेशन छान झालं. नंतर ओठांना मुंग्या आल्या, तेव्हा रक्तातलं कॅल्शियम उतरलं म्हणून बाईंनीच गोळ्या दिल्या. दीर इस्पितळभर सांगत सुटले, "मी म्हणतच होतो!"

मास्तर टवटवीत झाले. गळ्यावरची पट्टी पदकासारखी मिरवत येईल त्याला सांगू लागले, "आजवर ओरडलो तो मी नव्हतो हो, ग्रंथी होती." लोकही चुकचुकायचे. एवढ्याशा दाण्याच्या माथी अख्ख्या जन्माचं खापर फुटलं.

वहिनी म्हणाल्या, "मग चला बहिणीकडे. कोट लांब झाला नव्हता, तुम्ही आखूड झाला होता."

"मी? आजारी माणसाचं बोलणं तिने मनावर घेतलं. माफी तिने मागायची!"

पुढच्या तपासणीला वहिनींनी बाईंना विचारलं, "ही ग्रंथी बिघडून किती वर्षं झाली असतील?"

"नक्की सांगता येत नाही. चार-पाच असावीत."

"आमच्या लग्नाला अठ्ठावीस झाली."

बाई कागद चाळू लागल्या. मास्तर खोकले.

परतताना बहिणीच्या गल्लीशी वहिनींनी रिक्षा थांबवली आणि उतरल्या.

"कुठे निघालीस?"

"माफी मागायला."

"माझ्या वतीने? खबरदार!"

"तुमच्या नाही, माझ्या," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी मी दारात उभी होते आणि गप्प राहिले. मला तर ग्रंथीसुद्धा नव्हती."