स्टोअरकाकांचा दुसरा निरोप समारंभ

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत. पाणी प्यायला उठायचं झालं तरी त्या आपला कॉम्प्युटर लॉक करत, आणि वाटेत दुसऱ्याचा उघडा दिसला तर त्याचाही. मालकांनी पासवर्ड म्हणून कुत्र्याचं नाव ठेवलंय हे कळलं, तेव्हा त्यांनी मालकांनाही चारचौघांत झापलं होतं. "अहो, दिवसभर त्याच नावाने हाका मारता त्याला!" घरीही तीच तऱ्हा. नवरा म्हणायचा, "हिच्याशी बोलायचं तर आधी ओटीपी लागतो."

कंपनीचा सर्व्हर अगदी जुनाट झाला होता. मेल, कॅलेंडर, सगळ्यांच्या फायली नव्या, सुरक्षित सॉफ्टवेअरवर न्यायच्या होत्या. रविवारी एकट्या बसून कुलूपबाईंनी ते काम तडीस नेलं आणि ताठ मानेने घरी गेल्या.

सोमवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत ही झुंबड! नव्या सॉफ्टवेअरने कॅलेंडरमधली जुनीपानी आमंत्रणं आजची तारीख टाकून पुन्हा धाडली होती. कुणी खोक्यांच्या रंगावर बोलायला आलं होतं, कुणी आग विझवायला शिकायला, तर कुणी मालकांच्या पन्नाशीच्या केकसाठी. मालक आता साठीला टेकले होते.

तेवढ्यात दारात स्टोअरकाका उभे. कडक इस्त्रीचा कोट, शेजारी काकू. कंपनीचं स्टोअर सांभाळून काका निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं लोटली होती.

"माझा निरोप समारंभ इथेच ना?"

"काका, तो झाला की मागेच!" मालक म्हणाले.

"झाला, पण माझं भाषण अर्ध्यावर राहिलं. तुम्हाला फोन आला आणि बाकीचे उठून केककडे गेले. म्हटलं, कंपनीला चुटपुट लागली असेल."

कुलूपबाईंना मात्र वेगळीच शंका आली. "काका, हे आमंत्रण तुम्हाला आलं कुठे?"

"कंपनीच्या मेलवर! रोज सकाळी चहाबरोबर वाचतो की."

"पेपर बंद केलाय आम्ही," काकू म्हणाल्या. "ह्यांना एवढं पुरतं."

कुलूपबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. इतकी वर्षं हे खातं उघडं! मालकांनी संधी सोडली नाही. "त्यापेक्षा आमचा कुत्रा बरा की हो, बाई."

"काका, खातं आत्ताच्या आत्ता बंद करावं लागेल," कुलूपबाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा उतरला. "मग सकाळी मी करू काय?"

काकू त्यांची कॉलर सारखी करू लागल्या. ते पाहून कुलूपबाईंचा आवाज खाली आला. "बरं, आधी भाषण होऊ द्या."

काका जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले. त्यांनी ट्रॉलीचे आभार मानले, शिडीचे मानले, एका कात्रीच्या आठवणीने तर चष्मा काढून पुसला. आग विझवायला आलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग कुलूपबाईंनी काकांना शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या देखत खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला फोन वाजला. "बाई, आज काय विशेष?"

"कंपनीच्या गोष्टी बाहेर सांगता येत नाहीत, काका."

पलीकडून नुसता चहात चमचा फिरवल्याचा आवाज. कुलूपबाईंनी मागे वळून पाहिलं, फोनवर हात धरला आणि कुजबुजल्या, "हिशेबखात्यातल्या दोघींचं बोलणं बंद आहे. पण हे माझ्याकडून कळलं म्हणू नका."