आय वॉज वेन्ट

पिरनवाडीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर भावकू मास्तरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. खाली गिरणी दळते, वर मास्तर. आवाज मास्तरांचा मोठा.

'गो, वेन्ट, गॉन' हा त्यांचा हुकमाचा पत्ता. "गेलो म्हंजे वेन्ट. आणि गेलतो?" कुणी बोलायच्या आत तेच फळा बडवत. "गेलतोमधी 'होतो' लपून बसलाय का न्हाय? होतो म्हंजे वॉज. म्हणा, आय वॉज वेन्ट!"

इंग्रजांनी न केलेली सोय मास्तरांनी केली. ती घेऊन मी बेळगावात चार इंटरव्ह्यू दिले आणि शेवटी पिरनवाडीतल्याच इंग्लिश मीडियम शाळेत क्लार्क म्हणून चिकटलो. तिथं इंग्रजी बोलावं लागत नाही.

यंदा त्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षकाची जागा निघाली. वीस वर्षं मास्तर अशाच जागेकडं डोळे लावून बसलेले. त्यांच्या बायकोनं, मालुबाईंनी, लग्नातला कोट इस्त्री करून दिला. सहावीच्या वर्गावर नमुन्याचा तास ठरला. मुख्याध्यापिका केतकी मॅडम मागच्या बाकावर, मी रजिस्टरचं निमित्त करून दारात.

"यस्टरडे आय वॉज वेन्ट टू लोंढा," मास्तरांनी दणक्यात सुरुवात केली.

मॅडमनी मान वर केली. "सर, वॉज कशाला?"

"गेलतो की मी, मॅडम!"

"मग नुसतं वेन्ट म्हणा."

"ते गेलो झालं. गेलो आणि गेलतो एकच व्हय? गेलो म्हंजे गेलो. गेलतो म्हंजे जाऊन परत आलोय. न्हायतर हितं उभा कोण हाय?"

वर्ग खिदळला. मॅडम मुलांकडं वळल्या. "तुम्ही सांगा, बरोबर काय?"

निम्मा वर्ग संध्याकाळी माडीवर जाणारा. एका सुरात उत्तर आलं, "आय वॉज वेन्ट!"

मास्तर निवडून आल्यासारखे फुलले. मॅडमनी कागदावर एक लांब रेघ ओढली. "थँक्यू सर. यू मे गो."

संध्याकाळी मी माडीवर गेलतो. माझ्या आधी मालुबाई जिन्यात उभ्या. "अवो, नोकरीचं काय झालं?"

मास्तरांनी कोट काढून खिळ्याला अडकवला.

"जॉब वॉज केम," ते म्हणाले. "वॉज वेन्ट."

मालुबाई कधी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण तेवढं इंग्रजी त्यांना बरोबर कळलं.