वीरप्पाचा मैल

बेंबळीहून धाराशिवला जाणाऱ्या सडकेचा एक मैल निजाम सरकारनं वीरप्पाच्या हवाली केला होता, आणि वीरप्पाला वाटायचं तो आपल्याला इनामच दिलाय. गडी होता साधा मैलकुली. खड्डे बुजवायचे, मुरूम पसरायचा, धुम्मसानं ठोकून सडक सारखी करायची, एवढंच काम. पण छातीवर पितळी बिल्ला आणि डोक्याला लाल पागोटं चढलं, की स्वारी बाभळीखाली बसून गाडीवानांवर खेकसायला मोकळी. काम करायची त्याची बायको रुद्रम्मा. मुरूम वाहायची ती, धुम्मस उचलायची ती. लग्नाच्या वर्षी वीरप्पाची कंबर धरली होती म्हणे. ती अजून सुटली नव्हती. जेवायला उठताना तेवढी दुखत नसे.

गाड्या एकाच चाकोरीनं गेल्या तर सडकेला चर पडतो. म्हणून मैलकुल्यानं चाकोरीत धोंडे मांडायचे, म्हणजे गाडीवान बाजूनं गाडी घालतात, अशी रीत होती. सगळ्या कामात हे एकच वीरप्पाला मनापासून आवडे, कारण धोंडा दिसला की माणसं त्याच्यासमोर थांबत. अर्थात धोंडे आणायची रुद्रम्माच. ते कुठं ठेवायचे हे तो बसल्या जागेवरून बोटानं दाखवी.

त्या साली सडकेचे मोठे साहेब मोटारीनं दौऱ्यावर निघाल्याची खबर आली आणि वीरप्पाला मुकादमकीची स्वप्नं पडू लागली. साहेब आपला मैल बघणार, मोटार थांबवणार, शाबासकी देणार! रुद्रम्मानं आठवडाभर मुरूम पसरला, पाणी मारलं, हाताला फोड येईस्तोवर ठोकला. वीरप्पानं मिशीला पीळ दिला.

नेमके त्याच दिवशी बेंबळीचे पाहुणे वीरप्पा-रुद्रम्माच्या लेकीला, महानंदाला, बघायला यायचे होते. रुद्रम्माचा जीव त्यात अडकला होता. मुलाकडचं घर, रान, बैल यांची तिला फिकीर नव्हती. "दिसाया कसाबी असू दे," ती लेकीला म्हणाली होती, "पर बसून खाणारा नगं. म्या भोगलं तेवढं बास."

सकाळी ती मुरमावर शेवटचा हात फिरवत होती, तोवर वीरप्पानं काय करावं? मैलाच्या सुरुवातीला सडकेवर आडवी धोंड्यांची रांग लावून घेतली, तीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना दरडावून. साहेबाआधी नव्या मुरमावर चाक उमटता कामा नये! असा हुकूम कुणीच दिला नव्हता. तो वीरप्पाच्या पागोट्यातून निघाला होता. ज्या सडकेवरून गाडी जायची नाही ती सडक कशाला, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

पाहुण्यांची गाडी आली आणि धोंड्यांपाशी थांबली. मुलाचे चुलते बसप्पा खाली उतरले.

"काय हो पाव्हणं, सडक बंद हाय का?"

वीरप्पानं त्यांना ओळखलं, तरी तोरा सोडला नाही. "सायबाची मोटार जाईपत्तुर चाक लागायचं न्हाय. बैलं सोडा, सावलीला बसा."

"आवो, तुमच्याच लेकीला बघाया आलोय!"

"मग काय झालं? सरकारी काम हाय."

बसप्पांचा चेहरा लाल झाला. दोन्ही बाजूंना खोल नाली, गाडी बाजूनं घालायलाही जागा नाही. "असल्या घरात सोयरीक नगंच," म्हणत ते बैल माघारी फिरवायला लागले. रुद्रम्मानं लांबून ते पाहिलं. धुम्मस टाकून ती धावत आली आणि धोंडे उचलून नालीत फेकू लागली.

"आगं, काय करतीस? माझी मुकादमकी!" वीरप्पा ओरडला, पण जागचा हलला नाही. कंबर होती ना!

तिनं न फेकलेला एक धोंडा नालीत पडल्याचा आवाज आला तशी रुद्रम्मानं मान वर केली. गाडीतून शरणबसप्पा, म्हणजे नवरा मुलगाच, उतरला होता. धुवट धोतर खोचून, चुलत्याकडे न बघता, तो सगळ्यात मोठा धोंडा हलवत होता. तिनं घाम पुसला आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

वाट मोकळी झाली. पुतण्याच धोंडे उचलतोय म्हटल्यावर बसप्पांनीही बैल पुन्हा वळवले. गाडी ताज्या मुरमावर चाकांचे पट्टे उमटवत वीरप्पाच्या झोपडीकडे गेली. वीरप्पानं कपाळाला हात लावला, तेवढ्यात मोटार आली. तो कमरेत दुमडून सलाम करत राहिला. ती कंबर! साहेब मागच्या गादीवर तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. गाडीमागून चाललेल्या रुद्रम्मालाही ते दिसलं. मोटार थांबली नाही. लाल पागोट्यावर धुरळा तेवढा बसला.

झोपडीत महानंदाला पाटावर बसवून सवालजबाब झाले. बसप्पा खाकरले आणि पसंती सांगायला तोंड उघडणार, तोच रुद्रम्मा दारातून म्हणाली, "थांबा. आदी आमचं ऐका. पोरगा आमाला पसंत हाय."

पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. मुलीकडच्यांनी असं बोलायची रीत नव्हती. मग बसप्पाच हसले आणि कुंकवाचा करंडा मागितला.

वीरप्पा धूळ झटकत आत आला, तेव्हा रुद्रम्मानं धुम्मस आणून त्याच्यासमोर टेकवलं.

"तुमचा सायब झोपला व्हता. चाकोऱ्या उद्या तुमीच बुजवा. मला लेकीच्या लग्नाची तयारी हाय."