परत फुंकायचं कधी?

"उभे राहा आणि खोका," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी खोकलो. त्यांनी माझ्या जांघेत दोन बोटं टेकवली होती. "आणखी एकदा, जोरात." जोराचं मला काय सांगता, मी मनात म्हटलं. मी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, माझं पोट जोरावरच चालतं. दुसऱ्यांदा खोकलो तशी लिंबाएवढी गाठ टपकन बाहेर आली. मॅडमनी हात धुतले आणि सांगितलं, "इंग्वायनल हर्निया आहे. ऑपरेशन करून घ्यायला लागेल."

इंग्वायनल म्हणजे जांघेतला. पोटाची भिंत एखाद्या जागी विरते आणि आतलं आतडं तिथून डोकावतं, विरलेल्या शर्टातून बनियन दिसावा तसं. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला मला काही वर्षं लागली, कारण आमच्या लायनीत या दुखण्याला दुखणंच मानत नाहीत. आम्ही त्याला दमाची गाठ म्हणतो.

आमच्याकडची समजूत अशी की जो गालानं न फुंकता पोटातून फुंकतो, त्यालाच ती येते. गाठ आली म्हणजे गडी पक्का झाला. वरातीआधी टेम्पोच्या मागं जायचं, गाठ हातानं आत ढकलायची, वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळायची आणि लाल कोट चढवायचा. मला पहिल्यांदा गाठ दिसली तेव्हा आमच्या बँड पार्टीतल्या जुन्या मंडळींनी पाठीवर थाप मारली होती. क्लॅरनेटवाल्यानं तर पेढे मागितले. हसायला हरकत नाही, आता मलाही हसू येतं.

आमच्या पार्टीचे मालक आणि माझे उस्ताद म्हणजे दस्तगीर चाचा. एके काळी कोल्हापुरात ट्रम्पेट म्हटलं की त्यांचंच नाव निघायचं. त्यांनाही हीच गाठ होती. बऱ्याच वर्षांपूर्वी, दुर्बिणीची ऑपरेशनं आमच्यापर्यंत पोचली नव्हती तेव्हा, त्यांचं पोट चांगलं वीतभर फाडून ती शिवली. त्यानंतर चाचांनी ट्रम्पेट ओठाला लावला नाही. तो माझ्या हातात दिला आणि स्वतः झांजा घेऊन मागच्या रांगेत उभे राहिले. त्यामुळं "कापलं की दम गेला" हे वाक्य आमच्यात कुणाला सिद्ध करून दाखवावं लागत नसे. चाचा समोरच झांजा वाजवत असत.

मला डॉक्टरकडं जावं लागलं ते कागलच्या एका वरातीमुळं. नवरदेव घोड्यावर, पोरं नाचतायत, आणि उंच सूर ओढताना माझ्या जांघेत कळ आली. टेम्पोमागं जाऊन गाठ ढकलली, ती आत जाईना. दगडासारखी टणक झाली होती. मला उलटी झाली. टेम्पोत पाय वर करून पडून राहिलो, तेव्हा बऱ्याच वेळानं ती आपोआप सरकली. घरी बायकोला कळलं. मंगल फार बोलत नाही, पण बोलली की तुकडा पाडते. "अवो, झांजा वाजवा न्हाईतर खुळखुळा वाजवा, पर जित्तं ऱ्हावा."

मॅडमनीही तेच जरा सभ्य भाषेत सांगितलं. आतडं त्या भोकात अडकलं आणि त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर ते आतच सडतं. त्याला स्ट्रँग्युलेशन म्हणतात, म्हणजे गळा आवळणं. "तुमचं त्या दिवशी नशीब चांगलं होतं. परत असं झालं, गाठ टणक झाली, दुखायला लागली, उलट्या झाल्या, तर घरी थांबायचं नाही. मिळेल त्या गाडीनं यायचं." वाचणाऱ्यांपैकी कुणाला अशी गाठ असेल तर हे एवढं तरी लक्षात ठेवा.

ऑपरेशन लॅपरोस्कोपीनं, म्हणजे दुर्बिणीतून करायचं ठरलं. मॅडमनी कागदावर चित्र काढलं. बेंबीजवळ एक आणि बाजूला दोन बारीक छिद्रं. एकातून कॅमेरा जातो, आतलं सगळं टीव्हीवर दिसतं, उरलेल्या दोन्हींतून लांब दांड्याची हत्यारं. विरलेल्या जागेवर आतल्या बाजूनं जाळी बसवायची, तिला मेश म्हणतात. सगळ्यांनाच हा मार्ग चालतो असं नाही. पूर्ण भूल ज्यांना झेपत नाही त्यांचं अजूनही बाहेरून छेद घेऊन करतात, आणि तेही चांगलं होतं. हे त्यांनी आपणहून सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग म्हणाल्या, "आत नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतो आम्ही." मी जन्मभर पितळात हवा भरत आलो, आता माझ्यातच भरणार. मी हसलो खरा. मला मरणाची तितकी भीती नव्हती. बरा होऊन मागच्या रांगेत उभं राहायची होती. ट्रम्पेट काढून घेतला तर मी कोण उरतो? धीर करून विचारलं, "मॅडम, जाळीवर मला फुंकता येईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. आजवर त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. जरा विचार करून म्हणाल्या, "जाळी भिंतीच्या आतून असते. आतून दाब आला तर ती बाहेर निसटत नाही, भिंतीला आणखी टेकते. मांस तिच्यात रुजेपर्यंत काही आठवडे थांबायचं. मग मी तपासते आणि सांगते. सांगितल्याशिवाय फुंकायचं नाही."

रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा फोटो. तपासण्यांचं काही विशेष नसतं, त्यांची वाट बघण्याचं असतं. वेटिंगला माझ्या शेजारी शाहूवाडीकडचे एक भात पिकवणारे आजोबा बसले होते. त्यांचं पित्ताशय काढायचं होतं, तेही दुर्बिणीतूनच. "पावणं, तुमचं काय?" त्यांनी अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. जांघेतलं दुखणं चारचौघांत काय सांगणार, मी नुसतं "पोटाचं" म्हटलं. "समद्यांचंच पोटाचं असतंय की," म्हणाले आणि डबा उघडून मला भाकरी देऊ लागले. नंतर नर्सनं दोघांनाही, तपासणीआधी उपाशी राहायचं असतं म्हणून झापलं.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. मास्क लावला, दीर्घ श्वास घ्या म्हणाले. दीर्घ श्वास हेच तर मला येतं. दुसऱ्या श्वासानंतर थेट वॉर्डच.

जागा झालो तर पोटापेक्षा उजवा खांदाच दुखत होता. चुकून खांद्याचं ऑपरेशन केलं की काय म्हणून मी घाबरलो. उरलेला गॅस पोट आणि छातीमधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात निघते, असं नर्सनं सांगितलं. चालायला लागलं की कमी होते. त्याच संध्याकाळी मला उभं करून चालवलं. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, हेही शिकवलं. ही उशी फार कामाची आहे. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं.

बघायला आलेल्या लोकांची मात्र निराशा झाली. "कुठं कापलंय, दाखीव की," म्हणायचे, आणि मी तीन बारीक पट्ट्या दाखवल्या की, "एवढंच व्हय?" जखम लहान बघून आजारी माणसाचा मान पण लहान होतो. एक नातेवाईक तर सिलिंडर उचलून आत ठेव म्हणाला. बाहेरचं भोक बारीक असलं तरी आतलं काम मोठं असतं, हे मंगलनं त्याला तिच्या भाषेत समजावलं. तो परत आला नाही.

नंतर जांघेत पुन्हा सूज दिसली. गाठ परत आली, संपलं सगळं. धावत गेलो. मॅडम म्हणाल्या, हा सेरोमा, म्हणजे रिकाम्या जागेत साठलेलं पाणी, बहुतेकांचं आपोआप जिरतं. माझंही जिरलं. पण त्यापायी दोन रात्री मी झोपलो नाही, हे कबूल करतो.

शेवटच्या तपासणीला चाचा माझ्याबरोबर आले. बाहेर बसा म्हटलं तर ऐकेनात. मॅडमनी परत खोकायला लावलं, दोन बोटं ठेवली, काहीच डोकावलं नाही. "आता वाजवा," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला हळू, मग रोज थोडं वाढवा."

मी उठणार तेवढ्यात चाचा बोलले. "मॅडम, माजं ऑपरेशन फाडून झालतं. तवाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता जोर लावायचा न्हाय. मग कवाच लावला न्हाय."

मॅडमनी त्यांना आत कॉटवर झोपवून तपासलं. बाहेर येऊन त्या खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "चाचा, टाके छान भरलेत. ते सांगणं काही महिन्यांसाठी असणार. नंतर तुम्हाला वाजवता आलं असतं."

"म्हंजे मी वाजवलं असतं?"

"हो."

"कुणी बोललं न्हाय की," चाचा म्हणाले. मग स्वतःशीच, "मी बी इचारलं न्हाय."

ते हसले. हसताना त्यांच्या पुढच्या हिरड्या दिसल्या. ट्रम्पेटला दात लागतात, ओठाला मागून आधार लागतो. चाचांचे पुढचे दात केव्हाच गेले होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. कारण इतकी वर्षं मी ज्या जागेवर उभा होतो ती जागा एका न विचारलेल्या प्रश्नामुळं रिकामी झाली होती.

घरी आल्यावर मी ट्रम्पेट हातात घेतला तरी फुंकवेना. चाचांनी खुर्ची जवळ ओढली आणि आपला तळहात माझ्या जांघेवर, गाठ यायची त्या जागी ठेवला. "फुंक. मी धरलंय." मी एक खालचा सूर धरला. मग वरचा. हाताखाली काही हललं नाही. "अजून," म्हणाले. डोळे मिटून ते ऐकत होते आणि त्यांच्या दुसऱ्या हाताची तीन बोटं मांडीवर माझ्याबरोबर ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. बोटं एकदाही चुकली नाहीत.

आता मी पुढच्या रांगेत वाजवतो. ट्यूबची पट्टी टाकून दिली. पार्टीतल्या दोघांनी मॅडमकडं जाऊन आपापली दमाची गाठ दाखवून घेतली, पेढे न वाटता.

परवा नेसरीचा एक क्लॅरनेटवाला चाचांकडं आला. त्यालाही हेच दुखणं. मी पत्ता लिहून देतो म्हटलं, पण चाचा स्वतः त्याच्याबरोबर एसटीनं निघाले आणि मलाही ओढून नेलं. मॅडमनी तपासलं, हर्निया म्हणाल्या, चित्र काढायला कागद पुढं ओढला. चाचांनी त्या कागदावर हात ठेवला.

"ते सगळं मागनं सांगा मॅडम," म्हणाले. "ह्यो परत फुंकनार कवा, ते आदी सांगा."